चालतंय की म्हणता म्हणता

बेळगावातच सगळा जन्म गेला, त्यामुळे ‘चालतंय की’ हा शब्द माझ्या तोंडात जेवढा बसलाय तेवढा दुसरा कुठलाच नसेल. पाहुणे न सांगता आले, चालतंय की, भात थोडा जास्त टाकू. शेजाऱ्यांनी शिडी नेली आणि महिना झाला तरी आणून दिली नाही, चालतंय की. माणसामाणसात हा शब्द मला फार आवडतो, यात मोठं मन आहे, समोरच्याला ओशाळं न करता सोडून देणं आहे. पण हाच शब्द आपण येशूवर विश्वासणारी माणसं स्वतःच्या पापाबद्दल मनातल्या मनात किती वेळा म्हणतो, आणि म्हणता म्हणता एक दिवस म्हणायची गरजच उरत नाही कारण आतून विचारणाराच गप्प झालेला असतो, यावर मला आज लिहायचं आहे. दुसऱ्या कुणाचं सांगण्याआधी माझंच सांगतो.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, बरीच वर्षं झाली. बेळगावच्या बाहेरच्यांना सांगायचं तर उद्यमबाग म्हणजे आमच्याकडचा कारखान्यांचा भाग, फौंड्री, टर्निंग, ग्राइंडिंग, टिळकवाडी अनगोळच्या कितीतरी घरांतली चूल तिथल्या पगारावर पेटते. आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एक शाफ्ट चालायचा, पंचवीस एमएम डायमीटर, खाली फक्त वीस मायक्रॉनची सूट (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग), वर काहीच नाही. दर तासाला पाच पीस काढायचे, मायक्रोमीटर या बारीक माप घ्यायच्या हत्याराने मोजायचे आणि रिपोर्टमध्ये रीडिंग लिहायचं. थर्ड शिफ्टला मी एकटाच असायचो आणि मशीनं सहा. एका रात्री कंटाळा आला, अंग दुखत होतं, आणि तीन वाजताच्या रकान्यात मी न मोजताच आकडे लिहिले. २४.९८८, २४.९९१, २४.९८६. खरं सांगतो, लिहिताना हात थरथरला होता. सकाळी घरी येऊन झोप लागेना, प्रार्थनेला बसलो तरी तो रकानाच डोळ्यासमोर. मन खात होतं. पण माल बरोबर निघाला, कुणी काही बोललं नाही, आणि पुढच्या आठवड्यात परत तसंच केलं तेव्हा मन थोडं कमी खाल्लं. दोन महिन्यांनी तर मी त्यात हुशार झालो होतो, एकच आकडा लागोपाठ आला तर ऑडिटरला संशय येतो म्हणून आकडे मुद्दाम वरखाली करायचे, मधल्या एखाद्या तासाला पेन बदलायचं, एखादं रीडिंग खोडून परत लिहायचं म्हणजे खरं मोजल्यासारखं दिसतं. पेन आपोआप चालायचं.

मग एका रात्री इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापणारं टोक, घासला आणि डायमीटर हळूहळू वर चढत गेला. तीनेकशे पीस ओव्हरसाइज. माझ्या रिपोर्टमध्ये सगळं ओके. कस्टमरकडून माल परत आला तेव्हा चौकशी झाली आणि ठपका आला ऑपरेटरवर, त्याने ऑफसेट दिला नाही, म्हणजे मशीनचं माप दुरुस्त केलं नाही म्हणून. तो पोरगा खानापूरकडचा, कॉन्ट्रॅक्टवरचा, मला अण्णा म्हणायचा. अरे ऑफसेट तो कशाच्या जोरावर देणार, रीडिंग सांगायचं काम माझं होतं. तो साहेबांसमोर उभा होता तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी फाइल चाळत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून त्याला यायचं नाही म्हणून सांगितलं.

त्याच रविवारी चर्चमध्ये प्रभूभोजन होतं, येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की प्रत्येकाने आधी आपली परीक्षा करावी. मी डोळे मिटले, भाकर घेतली, प्याला घेतला, आणि मला काहीच वाटलं नाही. काहीच नाही. परत जाताना कॅम्पातून मटण घ्यायचं की चिकन एवढंच डोक्यात चाललं होतं. आज मला कुणी विचारलं की तुझ्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट कुठली तर मी खोटी रीडिंग सांगणार नाही, तो रविवार सांगीन.

आता माझं म्हणणं असं आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, पापावर उपदेश पुष्कळ होतात, पण पाप बहुतेक वेळा एखादी मोठी घटना म्हणून सांगितलं जातं, कुणी दारूत बुडाला, कुणाचं घर मोडलं, मग तो प्रभूकडे आला. पण मोठ्या पापाआधी मन मरायला किती दिवस लागतात, ते कसं मरतं, रोज थोडं थोडं, यावर कुणी बोलत नाही. आणि हा ज्याचा त्याचा खाजगी मामला आहे असंही मी मानत नाही. मी न मोजता लिहिलं आणि नोकरी गेली दुसऱ्याची. हिशेबनीसाचं मन मेलं तर पतसंस्थेत ठेवी ठेवणाऱ्यांच्या डोळ्यात पाणी येतं, काँट्रॅक्टरचं मेलं तर पहिल्या पावसात रस्ता वाहून जातो, पंचायतीतल्या माणसाचं मेलं तर म्हातारीची पेन्शन अडकते. या गावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं, म्हणजे दोनशे वर्षांच्या वर झाली, आणि मिशनच्या शाळेत शिकलेली सगळ्या जातीधर्मांची माणसं आजही इथे भेटतात. त्या लोकांना आपल्याबद्दल काय वाटावं हे आपल्या गाण्याच्या आवाजावरून ठरत नाही, आपल्या हातच्या कामावरून ठरतं.

बायबलात प्रेषित पौलाने त्याचा शिष्य तीमथ्य याला पहिल्या पत्रात अशा माणसांबद्दल लिहिलंय की ज्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीला डाग दिला गेलाय. डाग देणं म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बैलाला तापल्या लोखंडाने डागतात, तेव्हा तो केवढा धडपडतो, पण नंतर त्या जागी बोट लावा, काही कळत नाही त्याला. माझ्या वडिलांच्या तळहाताला घट्टे होते, वडगावात हातमागावर उमेदीची वर्षं गेली त्यांची, ते चहाचा गरम पेला असा सहज धरायचे की आम्ही पोरं बघत राहायचो. तेव्हा मला वाटायचं ही ताकद आहे. आता कळतं की भाजत असतं, फक्त कळत नसतं. पापाचंही असंच आहे, आणि कोडग्या माणसाला आपल्यात बऱ्याचदा अनुभवी म्हणतात, व्यवहारी म्हणतात. ‘त्याला जगाची रीत कळते’ असं कौतुकाने म्हणतात.

बायबलातल्या दावीदाकडे बघा. शौल राजा त्याच्या जिवावर उठलेला, आणि गुहेत अंधारात तोच शौल त्याच्या हाताशी आला. बरोबरची माणसं म्हणत होती की देवानेच दिलाय हा तुझ्या हाती. दावीदाने त्याला मारलं नाही, फक्त झग्याचा काठ कापला. कापडाचा एक तुकडा. तरी त्याच्या मनाला ते लागलं, मी हे काय केलं म्हणून. १ शमुवेल २४ व्या अध्यायात आहे हे. हाच दावीद पुढे राजा झाला, राजवाड्याच्या गच्चीवर फिरला, बथशेबेला बोलावून घेतलं, आणि तिचा नवरा उरीया याला मारायचं पत्र त्याच नवऱ्याच्या हातात देऊन पाठवलं, आणि त्या अख्ख्या अध्यायात त्याच्या मनाला लागलं असं एका ओळीतही लिहिलेलं नाही. उरीया मेल्याचा निरोप आला तर तो सेनापतीला उलट धीर देतो की वाईट वाटून घेऊ नको, तलवार काय कुणालाही खाते. म्हणजे चालतंय की. झग्याच्या काठाने ज्याचं काळीज कापलं त्याला एक खून पचला. आणि नाथान संदेष्टा आला तोपर्यंत मूल जन्माला आलेलं होतं, म्हणजे कमीत कमी नऊ महिने तो माणूस राज्य करत होता, न्याय देत होता, आणि आत सगळं शांत.

मला यात सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू का. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी नेली अशी गोष्ट नाथानाने सांगितल्यावर दावीद संतापला. ज्याने कोकरी नेली त्याने चौपट भरून द्यावी, तो मरायच्या लायकीचा आहे म्हणाला. म्हणजे त्याचं मन मेलेलं नव्हतं हो, दुसऱ्याच्या पापाबद्दल एकदम जागं होतं, कायदा पाठ होता, मेंढराच्या बदल्यात चार मेंढरं हा मोशेचा नियमसुद्धा बरोबर आठवला. फक्त स्वतःकडे वळलं की ते झोपत होतं. आपल्या मंडळ्यांचं नेमकं हेच झालंय असं मला वाटतं, आणि मी हे मंडळीवरच्या प्रेमाने लिहितोय, तिथेच वाढलो, तिथेच मला मातीत ठेवतील.

आपण कशाबद्दल जागे आहोत बघा. एखादा पोरगा सिगरेट ओढताना दिसला तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळीला कळतं. एखाद्या मुलीने टिकली लावली तर दोन बायका तिला बाजूला घेऊन बोलतात. गणपतीत शेजारच्या काकूंनी मोदक आणून दिले तर खायचे की नाही यावर आमच्या घरी दर वर्षी चर्चा व्हायची. हे प्रश्न खोटे आहेत असं मी म्हणत नाही, करिंथच्या मंडळीत मूर्तीला दाखवलेल्या मांसावरून हाच वाद होता आणि पौलाने त्यावर अध्याय खर्च केलेत, ज्याचं मन त्याला अडवतं त्याच्या मनाला ठेच लावू नका म्हणाला. आमची आत्या मोदक खात नव्हती पण ताट रिकामं परत पाठवत नव्हती, घरचा केक घालून पाठवायची, आणि काकूंना आत्याचं मन माहीत होतं. हे मला सुंदर वाटतं. पण त्याच मंडळीत जागा विकताना अर्धे पैसे पांढरे अर्धे काळे घेणाऱ्याला कुणी बाजूला घेत नाही. कामाच्या बाईचे दोन दिवसांचे पैसे कापणाऱ्याला कुणी विचारत नाही. लग्नात मुलाकडचे ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या’ म्हणतात आणि यादी मामाच्या हातून पाठवतात, आणि ते लग्न वेदीसमोरच लागतं. दिसणारं पाप आपण बारकाईने मोजतो आणि पैशाचं आणि जिभेचं पाप मोजायला आपल्याकडे हत्यारच नाही.

जिभेवरून आठवलं. आमच्या सीमाभागात १ नोव्हेंबरला काय असतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, एकीकडे मराठी माणसांचा काळा दिवस आणि सायकल फेरी, दुसरीकडे चन्नम्मा चौकात कर्नाटकाचा राज्योत्सव. १९५६ साली भाषावार रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि ती जखम आमच्या घरात अजून ओली आहे, मी मराठी माणूस आहे, माझी भाषा शाळेतून ऑफिसातून पुसली जाते तेव्हा मलाही दुखतं आणि त्यासाठी लोकशाही मार्गाने झगडायला मी कधी नको म्हणणार नाही. पण त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरतं, कन्नड माणसाला काय काय शिव्या असतात, आणि ते फॉरवर्ड करणाऱ्यांत उपासनेत पहिल्या बाकावर बसणारे असतात. कन्नडवाले भाऊ आमच्याबद्दल तेच करतात. आणि रविवारी एकाच चर्चमध्ये सकाळी त्यांची उपासना, नंतर आमची, दारात भेटलो की हात मिळवायचा, प्रेज द लॉर्ड म्हणायचं. आपल्या भावावर रागावणारा, त्याला मूर्ख म्हणणारा कुठे जाऊन पोचतो ते येशूने डोंगरावर सांगितलंय, आणि तिथे भाषेची सवलत ठेवलेली नाही. फॉरवर्डचं बटण दाबताना बोट एक क्षण जरी अडखळलं तरी समजा मन जिवंत आहे.

आता एक अवघड विषय, ज्यावर बोलायला सगळेच घाबरतात. जातीचा दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. त्यामुळे कितीतरी घरांत असं आहे की बाप्तिस्मा झालाय, पण कागदावर जुना धर्म तसाच ठेवलाय कारण पोराची शिष्यवृत्ती, नोकरी त्यावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका बाईंच्या प्रकरणात सांगितलं की ख्रिस्ती म्हणून जगायचं आणि आरक्षणापुरतं हिंदू म्हणायचं ही संविधानाची फसवणूक आहे. मला विचाराल तर तो १९५० चा नियमच अन्यायाचा आहे असं मी मानतो. प्रभूभोजनाला एकाच प्याल्यातून प्यायलं म्हणून गावातली विहीर कुणी मोकळी केली नाही, जात चर्चच्या दारातून आत आलीच, लग्न जुळवताना तर अजून आहे, मग धर्म बदलला म्हणून मदत काढून घेणं हे कुठलं न्यायाचं. त्याविरुद्ध उघडपणे बोललं पाहिजे, २०२२ मध्ये केंद्राने यासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला, अशा ठिकाणी आपलं म्हणणं मांडलं पाहिजे.

पण नियम अन्यायाचा आहे म्हणून कागदावरचं खोटं हे खोटं उरत नाही असं काही मी म्हणू शकत नाही. आणि ज्या आईने पोराला इंजिनियर करण्यासाठी तो कागद सांभाळला तिच्यावर दगड उचलायला माझा हात धजत नाही, माझ्यावर ती वेळ आली नाही एवढंच माझं पुण्य. तरी त्या पोराचं काय होतं ते मी बघितलंय. त्याला लहानपणापासून घरी एक नाव आणि शाळेत एक नाव, रविवारी विचारलं तर एक उत्तर आणि सोमवारी विचारलं तर दुसरं, आणि सगळे मोठे त्याला शिकवतात की यात काही नाही. ‘काही नाही’ हे शिकवणं मला त्या कागदापेक्षा जास्त घातक वाटतं. निदान घरात एवढं तरी बोललं जावं की बाळा, हे आपल्याला टोचतंय, आम्ही अडचणीत आहोत, देवापुढे आम्ही याबद्दल रोज गुडघे टेकतो, आणि जमेल त्या दिवशी आपण हे सोडणार आहोत. टोचणी असली तर वाट निघते, निघालेली मी एका घरात बघितली आहे, त्यांनी दाखला परत केला आणि कर्ज काढून पोरीला शिकवलं. पाळकांनी निदान दार लावून तरी या घरांशी बोलावं. वर्षानुवर्षं गप्प राहून आपण त्यांना एकटं सोडलंय.

यावर दोन उत्तरं मला नेहमी ऐकायला मिळतात. एक म्हणजे कृपा. ब्रदर, आपण नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत, इतकं काय मनाला लावून घ्यायचं. हे म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की पौलानेच रोमकरांना कृपा वाढावी म्हणून पाप करत राहू का असं विचारलं आणि स्वतःच ‘कधीच नाही’ म्हणून उत्तर दिलं. इब्रीकरांच्या पत्रात लिहिलंय की ख्रिस्ताचं रक्त आपली विवेकबुद्धी शुद्ध करतं. शुद्ध करणं आणि बधिर करणं यात दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलेल्यालासुद्धा फरक कळतो, इंजेक्शनने ठणका थांबतो पण कीड तशीच असते.

दुसरं उत्तर मात्र मला गंभीरपणे घ्यावंसं वाटतं. लोक म्हणतात की असं सतत पाप पाप करून माणूस आजारी पडतो. हे खरं आहे, आणि मी अशी माणसं बघितली आहेत, विशेषतः बायका, एक वाईट विचार आला तर चार दिवस जेवण जात नाही, क्षमा मागितली तरी परत मागतात, परत मागतात. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर मठात होता तेव्हा त्याचं असंच झालं होतं, तासन्तास पाप कबूल करायचा, उठून जायचा आणि काहीतरी राहिलं म्हणून परत यायचा, त्याचा गुरू श्टाउपिट्झ कंटाळून गेला. त्याला सोडवलं ते ख्रिस्ताकडे बघण्याने, स्वतःकडे बघण्याने नाही. आणि तोच ल्यूथर १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर उभा राहून म्हणाला की माझी विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे. भित्रं मन आणि कोवळं मन वेगळं असतं.

माझ्या कामातलं सांगतो. मायक्रोमीटर हातात घेतला की आधी त्याचे दोन्ही फेस पुसायचे, मग बंद करून झिरो येतो का बघायचं. झिरो सरकलेला असेल तर पुढचं प्रत्येक रीडिंग चुकणार, आणि चुकलेलं रीडिंग दिसायला अगदी बरोबरसारखंच दिसतं, तेवढ्याच आकड्यांचं, तेवढंच स्पष्ट. ‘माझं मन साफ आहे, मला काही खात नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाची मला म्हणून भीती वाटते, मी पण तसा होतो. पौलसुद्धा म्हणतो की मला माझ्याविरुद्ध काही आठवत नाही पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. मन स्वतःला तपासू शकत नाही, त्याला बाहेरचा मास्टर, म्हणजे ज्याच्यावर ताडून बघायचं असं खात्रीचं माप, लागतो, आणि तो मास्टर वचन आहे, आणि वचन खरं बोलून दाखवणारी दोन माणसं. आणि दुसरी बाजू, मायक्रोमीटरला मागे रॅचेट असतो, ठरलेल्या जोरानंतर नुसताच फिरणारा. नवीन पोरं जोर लावून स्क्रू आवळतात, त्यांना वाटतं घट्ट धरलं की माप अचूक येतं. उलट चुकतं. रॅचेट टिक टिक वाजला की थांबायचं, त्याच्यापुढे तो जोर घेतच नाही. कबूल केलं, फेडायचं ते फेडलं, की थांबायचं. आपलं मन आपल्याला दोष देत राहिलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे असं योहानाने लिहून ठेवलंय, ते त्या बायकांना रोज वाचून दाखवलं पाहिजे.

फेडायचं ते फेडलं असं मी म्हणालो, तिथे आपण सगळ्यात कमी पडतो. आपल्याकडे कबुली म्हणजे डोळे मिटून ‘प्रभू मला क्षमा कर’, आणि संपलं. जकातदार जक्कय येशूला बघायला झाडावर चढला होता, तो उतरला आणि त्याने येशूला घरी घेतलं तेव्हा तो काय म्हणाला, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो. येशूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. आधी जा. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली तिची आठवण आपण अभिमानाने काढतो, पण तिची सुरुवात मुली आपली पापं बोलून रडल्या तिथून झाली हे सांगताना आपण घाईत असतो. माझी एक सूचना आहे आणि मी ती आमच्या कमिटीपुढेही मांडली आहे, की प्रभूभोजनाच्या आधीच्या रविवारी पाळकांनी जाहीर करावं, हा आठवडा जायचा आठवडा आहे, ज्याचे पैसे द्यायचेत त्याला द्या, ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या घरी जा, आणि मग या. कमिटीत दोघे तिघे म्हणाले की याने लोक यायचे बंद होतील. होतील कदाचित काही. पण माझ्यासारखा माणूस तीन वर्षं प्याला घेत राहिला आणि त्याला कुणी अडवलं नाही, यात माझ्यावर दया झाली असं मला वाटत नाही.

मी जागा कसा झालो ते सांगायचं राहिलं. तो पोरगा गेल्यावर सात महिने झाले असतील. माझी मुलगी पाचवीत होती, शाळेत वाचनाची वही होती, रोज किती पानं वाचली ते लिहायचं आणि पालकांची सही. ती म्हणाली पप्पा, आज वाचलंच नाही, काय लिहू. मी मोबाइलवरून मान वर न करता म्हटलं, लिही की दहा, चालतंय. ती लिहायला लागली, मग थांबली आणि म्हणाली, पप्पा, काल पण दहाच आहे, सगळीकडे दहा आलं तर टीचरना कळेल, मी आज आठ लिहू का? आणि पेन बदलू का?

पेन बदलायचं तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, कुठल्या महिन्यापासून, कुठल्या मशीनची. मला वाटलं होतं नोकरी जाईल. साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले आणि म्हणाले, आता जुनं कशाला काढताय, सगळेच करतात, चालतंय की. मी लेखी दिलं. माझं इन्क्रिमेंट थांबलं, शिफ्ट बदलली, एवढंच झालं. त्या पोराला परत घ्या म्हणून मी विनवलं, ते काही झालं नाही.

मग त्याच्या गावाला गेलो. पत्ता काढायला दोन आठवडे लागले, खानापूरच्या पुढे, पावसाचे दिवस, बसमधून उतरून चिखलातून चालत. तो आता एका मिस्त्रीच्या हाताखाली सेंट्रिंगच्या कामाला जायचा. मला बघून आधी खूश झाला, अण्णा तुम्ही इकडं कुठं म्हणाला. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर सांगता आलं नसतं. तो ऐकत होता आणि हातावरचं वाळलेलं सिमेंट नखाने काढत होता. मी दोन महिन्यांच्या पगाराएवढे पैसे आणले होते ते पाकीट पुढे केलं. तो म्हणाला, असू दे की अण्णा, चालतंय, मला आता काम हाय. मी म्हटलं नाही रे, घे. तो घेईना. तेवढ्यात त्याची आई आतून चहा घेऊन आली, कोण पाहुणे म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, आमच्या कंपनीतले अण्णा, लई चांगले हायत. ती माझ्याकडे बघून हसली, बसा की म्हणाली, चटई टाकली. मी चटईवर बसलो, कपबशी खाली ठेवली, आणि मावशींना पहिल्यापासून सांगायला लागलो.